वायर जोडण्याआधी

व्हायोलिन शिकायचं ठरलं तेव्हा पहिला प्रश्न वेळेचा होता. डोंबिवलीहून रोज मुंबईला जाऊन-येऊन नोकरी करणाऱ्या बाईला हक्काचा वेळ मिळतो तो रात्री दहानंतर. जेवणं, ओटा, दुसऱ्या दिवशीच्या डब्याची भाजी चिरून ठेवणं, हे सगळं आटोपल्यावर. आमची इमारत जुनी. भिंतीपलीकडे बारावीची मुलगी अभ्यास करते, वरच्या मजल्यावरच्या काकू लवकर झोपतात. साधं व्हायोलिन वाजवणाऱ्याच्या डाव्या कानाशी आवाज ८५-९० डेसिबलपर्यंत सहज जातो. शिकाऊ हाताला तो कमी करून वाजवता येत नाही, कारण हलक्या गजानं स्वच्छ सूर काढणं हे बरंच पुढचं काम आहे. घोडीवर, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या लाकडी तुकड्यावर, आवाज दाबणारा रबरी म्यूट बसवता येतो. त्यानं आवाज पुष्कळ दबतो, पण शांत रात्री तेवढाही पलीकडे जातो.

म्हणून इलेक्ट्रिक व्हायोलिन. मला फ्युजन बँडमध्ये जायचं नव्हतं. मला हिंदुस्थानी संगीत वाजवायचं होतं, मांडी घालून, तानपुऱ्यावर. हे सांगितलं की समोरचा माणूस गोंधळतो, कारण इलेक्ट्रिक म्हटल्यावर डोळ्यांसमोर रंगीत दिवे आणि उभ्यानं वाजवणारे कलाकारच येतात. पण यामाहानं १९९७ मध्ये सायलेंट व्हायोलिन बाजारात आणलं ते इतरांना त्रास न देता सराव करता यावा म्हणूनच. माझी गरज याहून वेगळी नव्हती.

वाद्य घरी आलं तेव्हा ते वाजवण्याजोगं नव्हतं. ज्या दुकानातून मागवलं त्यांनी खोक्यातून आलं तसंच पुढे पाठवलेलं. घोडी फार उंच होती आणि तिची वरची कमान जवळजवळ सपाट. व्हायोलिनमध्ये ही कमान महत्त्वाची असते. चार तारा एका पातळीत असल्या तर गज एकीवर ठेवायला जावं आणि शेजारची तारही वाजावी, असं होतं. शिवाय घोडी उंच म्हणजे तारा बोटांपासून लांब. बोटं ठेवायच्या पट्टीच्या शेवटाशी सगळ्यात बारीक तार साधारण साडेतीन मिलिमीटर आणि सगळ्यात जाड तार पाच-साडेपाच मिलिमीटर वर असावी, असं मापाचं गणित आहे. माझ्याकडे दोन्ही तारा याच्या कितीतरी वर होत्या. मुंबईत वाद्यं दुरुस्त करणाऱ्या एका कारागिरांकडे घेऊन गेले. त्यांनी आधीच बजावलं, की साध्या व्हायोलिनची घोडी बिघडली तर दुसरी बसवता येते, पण यात तारेची कंपनं विजेत बदलणारा पिकअप घोडीतच बसवलेला आहे, तेव्हा फक्त वरून आणि तेही थोडं थोडंच घासायचं. कानशीनं ते घासत होते, मधूनमधून मापाची पट्टी लावून बघत होते, परत घासत होते. संध्याकाळी तेच वाद्य बोटाखाली मऊ लागलं. नवं इलेक्ट्रिक व्हायोलिन घेणाऱ्या कुणालाही मी पहिलं हेच सांगते: आधी कारागीर, मग गुरू.

माझे सर सत्तरी ओलांडलेले आहेत. आयुष्याचा मोठा भाग रेकॉर्डिंगच्या हॉलमध्ये आणि वाद्यवृंदांत गेला. मुंबईच्या चित्रपटसंगीतातले व्हायोलिनवादक, संयोजक गोव्यातून कसे आले, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखा माणूस कागदावर स्वरलिपी कशी झरझर उतरवायचा, हे त्यांच्याकडून ऐकताना तास कुठे निघून जातो कळत नाही. पण शिकवताना ते गायकी अंगाचेच, म्हणजे वाद्य गळ्यासारखं गायला हवं असं मानणारे. गजाननराव जोशी, व्ही. जी. जोग, डी. के. दातार, एन. राजम या व्हायोलिनवादकांची नावं ते एका दमात घेतात. पहिल्या दिवशी मी ते हडकुळं, मधून मोकळं वाद्य पिशवीतून काढलं आणि विचारलं,

"सर, यावर शिकवाल ना? की आधी साधं घेऊ?"

त्यांनी वाद्य हातात घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं.

"ही वायर काढ आधी."

"वायर काढली तर आवाजच येणार नाही, सर."

"येतो. 'सा'च्या तारेवर पूर्ण गज ओढ, मुठीपासून टोकापर्यंत. सावकाश."

मी ओढला. भरीव लाकडाचं व्हायोलिन पोकळ नसल्यामुळे तारेचा आवाज फुगवत नाही, पण तार मुकी नसते. अगदी बारीक, कोरडा, तारेचाच म्हणावा असा सूर येतो.

"थरथर कुठे आली?"

"सुरुवातीला. मुठीजवळ."

"आणि दम कुठे गेला?"

"टोकाकडे."

"मग तुला ऐकू येतंय. यावरच शिकवतो. मात्र रोज पहिली पंधरा मिनिटं वायरशिवाय."

तो नियम आजही चालू आहे आणि माझ्या शिकण्याचा कणा तोच आहे. त्यामागचं कारण नंतर हळूहळू उमगत गेलं.

गजाचं वजन साठेक ग्रॅम असतं, आणि तो मुठीशी धरलेला असतो. म्हणजे मुठीकडच्या भागात हाताचं आणि गजाचं वजन थेट तारेवर येतं, टोकाकडे जाता जाता ते संपत जातं. सूर सगळीकडे सारखा हवा असेल तर मुठीपाशी करंगळीनं वजन उचलून धरायचं आणि टोकाकडे पहिल्या बोटानं थोडं दाबायचं. पोळी लाटताना मध्ये आणि कडेला हाताचा दाब आपोआप बदलतो, तसाच हा बदल हातात मुरावा लागतो. त्यात आणखी दोन गोष्टी असतात: गजाचा वेग, आणि गज घोडीपासून किती अंतरावर आहे ते. घोडीजवळ गेलं तर वेग कमी आणि दाब जास्त लागतो, पट्टीकडे सरकलं तर उलट. या तिन्हींचा मेळ चुकला की सूर किरकिरतो नाहीतर पोकळ होतो. साध्या व्हायोलिनचा लाकडी देह यातलं थोडंफार सांभाळून घेतो. आतल्या हवेचा स्वतःचा एक सूर असतो, साधारण २७० ते २८० हर्ट्झच्या आसपास. आम्ही सा पांढरी दोनचा, म्हणजे पेटीच्या दुसऱ्या पांढऱ्या पट्टीचा धरतो, म्हणजे २९३ हर्ट्झच्या जवळ, त्यामुळे साध्या वाद्यावर खुला सा नुसता टेकला तरी भरून येतो. माझ्या वाद्यात ती मदत नाही. जे काही भरायचं ते गजानंच भरायचं.

आणि वायर लावून हेडफोन चढवले की दुसरंच संकट येतं: मशीन नको इतकी मदत करतं. प्रीअँपवर, म्हणजे वाद्याचा क्षीण आवाज वाढवणाऱ्या डब्यावर, रिव्हर्बचं एक बटण आहे. ते थोडं फिरवलं की मंदिराच्या सभामंडपात वाजवतोय असा गोड घुमारा येतो आणि दोन सुरांमधली तुटलेली जागा त्यात बुडून जाते. आवाजासाठी ताकद लावावी लागत नाही, नुसतं व्हॉल्यूम वाढवलं की झालं, त्यामुळे उजवा हात हलकाच राहतो. इलेक्ट्रिकवर वाढलेले काही वादक साधं व्हायोलिन हातात घेतल्यावर आवाजच काढू शकत नाहीत, असं सरांनी पाहिलेलं आहे. म्हणून पंधरा मिनिटं वायरशिवाय, आणि वायर लावल्यावरही रियाजात रिव्हर्ब शून्यावर. कार्यक्रमात हवा तेवढा घ्यावा, माझा त्याला विरोध नाही. रियाजात मात्र कोरडाच सूर हवा, याबद्दल माझं मत पक्कं आहे.

बैठकीचा प्रश्न मात्र आम्हाला दोघांनाही नवा होता. हिंदुस्थानी पद्धतीत वाद्याचं वरचं टोक उजव्या पायाच्या घोट्यावर टेकतं आणि दुसरी बाजू छातीला. डाव्या हातानं वाद्य धरावं लागत नाही, म्हणून तो तारेवर वर-खाली मोकळा फिरतो. एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकत जाणारी आपली मींड या मोकळेपणावरच उभी आहे. उभ्यानं वाजवणाऱ्याच्या मानेवर वाद्याचं ओझं येतं, आणि इलेक्ट्रिक व्हायोलिन साध्यापेक्षा बऱ्याचदा जडच असतं. साधं साडेचारशे ग्रॅमच्या आसपास, तर इलेक्ट्रिक साडेपाचशे-सहाशेपर्यंतही जातं. मांडी घालून बसलं की हे वजन घोट्यावर जातं आणि मान सुटते. या बाबतीत आपली बैठक इलेक्ट्रिकला फार सोयीची आहे, आणि हे कुणी फारसं सांगत नाही.

अडचण दुसरीकडे होती. साध्या व्हायोलिनची कड छातीला सपाट लागते. माझ्या वाद्याला तिथे नुसती वाकवलेली लाकडी पट्टी आहे आणि वायरचं भोक नेमकं त्याच बाजूला. सरळ पिन लावली की ती बरगडीत रुते. पहिल्यांदा काटकोनात वळलेली पिन आणली. मग आईच्या जुन्या सुती नऊवारीचा तुकडा घडी करून त्या पट्टीला शिवून टाकला. सुती कापड घसरत नाही, घाम शोषतं, आणि वाद्याचं टेकण रुंद होतं. शोल्डर रेस्टचे दोन-तीन प्रकार बाजारात आहेत, पण ते खांद्यासाठी केलेले. बैठकीसाठी या घडीइतकं चांगलं मला काही सापडलेलं नाही.

तारा आम्ही प-सा-प-सा अशा लावतो, म्हणजे मंद्र प, मध्य सा, मध्य प आणि तार सा. पाश्चात्त्य जुळणीतली सगळ्यात जाड तार एक स्वर चढवायची, सगळ्यात बारीक तार एक स्वर उतरवायची, मधल्या दोन तशाच. काहीजण पाश्चात्त्य जुळणीच कायम ठेवतात. तेव्हा पांढरी दोनच्या सा-ला त्या तारा म-सा-प-रे होतात. प-सा-प-सा मध्ये दोन सप्तकांना बोटांची तीच रचना चालते, हा शिकणाऱ्याला मोठा आधार आहे.

बोटांचा विषय निघाला की मला थांबवत नाही. व्हायोलिनच्या पट्टीवर पडदे नसतात. सतारीला, गिटारला बोट थोडं इकडेतिकडे पडलं तरी पडदा सूर ठरवतो. इथे बोटाचं टोक जिथे पडेल तोच सूर. पूर्ण मापाच्या व्हायोलिनची वाजती तार साधारण ३२८ मिलिमीटर लांब असते. त्यावर सा-च्या तारेवरचा रे वरच्या टोकापासून ३६ मिलिमीटरवर. तिथे बोट एक मिलिमीटर सरकलं की सूर सहा सेंट हलतो; सेंट म्हणजे पेटीच्या शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग. वरच्या सप्तकात तेच एक मिलिमीटर बारा सेंट हलवतं. पाच-सहा सेंटचा फरक तयार कानाला कळतो. माझं बोट स्वतःच दहा-बारा मिलिमीटर रुंद आहे. तेव्हा बोट कुठे ठेवायचं हे डोळ्यांनी ठरवणं शक्य नाही, ते कानानंच ठरतं आणि बोट कानाच्या मागून जातं.

सुरुवातीला मी फोनवरचा ट्यूनर समोर ठेवत असे. भूप चालू होता, सा रे ग प ध. ग वर आले की ट्यूनरचा काटा डावीकडे पडायचा, म्हणजे सूर उतरलेला. मी बोट पुढे सरकवायचे, काटा मध्ये यायचा, हिरवा दिवा लागायचा. आणि त्याच क्षणी तानपुऱ्याशी काहीतरी घासल्यासारखं व्हायचं. सरांना सांगितलं तर म्हणाले, "तो काटा पेटीचा ग दाखवतो. तू तंबोऱ्यातला ग ऐक." जवारी, म्हणजे तार घोडीवर टेकते ती जागा, नीट असलेल्या तानपुऱ्यातून गंधार आपसूक ऐकू येतो, कुणी न छेडता. तो सा-च्या ५:४ या प्रमाणातला गंधार, ३८६ सेंटचा. ट्यूनर दाखवतो तो बारा समान भागांतला, ४०० सेंटचा. पट्टीवर या दोघांत दोन मिलिमीटरचं अंतर आहे. मी सूर धरून ठेवला आणि बोट हळूहळू मागे आणत गेले. आधी दोन सुरांची लाट जाणवत होती, घुंइ-घुंइ अशी. बोट मागे आलं तशी ती लाट लांब होत गेली, आणि एका जागी थांबली. तानपुरा आणि माझी तार वेगळी ऐकूच येईना. ते दोन मिलिमीटर मी बोटाच्या कातडीनं मोजले आहेत. ट्यूनर आता फक्त सा लावण्यापुरता उघडते.

हे इलेक्ट्रिकवर जास्त लख्ख कळलं, याचं श्रेय हेडफोनला द्यायला हवं. तानपुरा फोनमधून, वायरनं, प्रीअँपच्या ऑक्स-इन या जास्तीच्या भोकामध्ये, आणि व्हायोलिन त्याच हेडफोनमध्ये. घराबाहेरचा रिक्षांचा आवाज नाही, पंखा नाही, फक्त तानपुरा आणि माझी तार. एवढ्या जवळून मी आधी कधी सूर ऐकला नव्हता.

फक्त हेडफोन वायरचेच हवेत. घरात ब्लूटूथचे चांगले हेडफोन होते, म्हणून एकदा ते लावून पाहिले. गज लावल्यापासून सूर कानात पोहोचेपर्यंत दीडशे-दोनशे मिलिसेकंद जातात. मध्य लयीत हा मात्रेचा साधारण पाव भाग झाला. हात पुढे, कान मागे. त्या अंतराशी जुळवून घ्यायला लागलं की लयच बिघडते. गाणी ऐकायला ब्लूटूथ ठीक आहे, वाजवायला अजिबात नाही.

विजेकडचा भाग मला अजिबात येत नव्हता, तो शिकावा लागला. घोडीतला पिकअप पिझो जातीचा असतो. दाब पडला की वीज निर्माण करणारे स्फटिक असतात, हे पिएर आणि जॅक क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवलं, त्याच तत्त्वावर हा पिकअप चालतो. तारेची कंपनं घोडीला दाबतात, स्फटिकातून अगदी क्षीण वीज निघते. ही वीज ज्या यंत्रात जाते त्याचा इनपुट इंपीडन्स, म्हणजे आत येणाऱ्या विजेला होणारा अडथळा, फार मोठा लागतो, किमान एक मेगाओहम. तो कमी असला तर खालचे स्वर गळून जातात आणि उरतो तो कर्कश, पत्र्यासारखा आवाज. इलेक्ट्रिक व्हायोलिनचा आवाज वाईट असतो असं म्हणणाऱ्या अनेकांनी प्रत्यक्षात चुकीच्या ठिकाणी जोडलेलं व्हायोलिन ऐकलेलं असतं, असं आता माझं ठाम मत झालं आहे. काही वाद्यांच्या पोटातच बॅटरीवर चालणारा प्रीअँप असतो. माझ्यात नाही, म्हणून मध्ये तो वेगळा डबा लागतो. त्यातही पिझोला गजाची खरखर फार आवडते. दोन ते चार किलोहर्ट्झच्या पट्ट्यात थोडी काट मारली की सूर माणसांत येतो.

हे सगळं कामी आलं ते गणपतीत. आमच्या सोसायटीच्या मंडळात दरवर्षी एक संध्याकाळ रहिवाशांच्या कार्यक्रमाची असते. सेक्रेटरीकाकांनी आग्रह केला, आणि सरांनीही "वाजव, घरात किती दिवस वाजवशील" म्हणून परवानगी दिली. भूपातली छोटी आलापी आणि एक अभंग असं ठरलं. तबल्याला तळमजल्यावरचा मुलगा.

साउंडवाला दादा फार उत्साही. "ताई, डायरेक्ट द्या वायर, मिक्सर आपला भारी आहे." दिली. मंडपातल्या दोन मोठ्या स्पीकरमधून जे आलं ते ऐकून पहिल्या रांगेतली लहान मुलं कान धरून मागे वळली. मिक्सरच्या माइकच्या भोकाचा इंपीडन्स एकदोन किलोओहमच असतो, म्हणजे मंद्र प पार पुसला गेलेला. मी प्रीअँप मध्ये जोडला. पत्रा गेला, सूर आला, आणि त्यासोबत एक जाड 'हूंऽऽऽ' सुरू झालं. मंडपाच्या तात्पुरत्या जोडणीत अर्थिंग धड नव्हतं. दादांकडे डीआय बॉक्स, म्हणजे वाद्य मिक्सरला जुळवून देणारा डबा होता, त्यावरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबलं, गुणगुण अर्ध्यावर आली. प्रीअँपचा अडॅप्टर काढून त्यात नऊ व्होल्टची बॅटरी घातली तेव्हा ती पूर्ण थांबली. दादांनी अंगठा वर केला. मग म्हणाले, "ताई, आता थोडा इको देऊ का?" मी म्हटलं, "द्या, पण अगदी थोडा."

वाजवलं. धैवतावरून पंचमावर येणारी मींड मी घरात असंख्य वेळा घोटलेली. मंडपात ती ओढली तेव्हा सूर माझ्या छातीपाशी न निघता वीस फुटांवरच्या स्पीकरमधून आला. इलेक्ट्रिकचं हे मोठंच वेगळेपण आहे. साधं व्हायोलिन छातीतून थरथरतं, वाजवणाऱ्याला सूर अंगात कळतो. इथे माझ्या अंगाला जाणवतो फक्त गज आणि बोटाखालची तार. वायरशिवाय केलेल्या पंधरा मिनिटांचा अर्थ मला त्या मंडपात पुरता कळला. स्पीकरकडे लक्ष न देता मी तारेचा तो बारीक आवाज शोधला, तो सापडला, आणि त्याच्यावरच वाजवत राहिले. वरच्या मजल्यावरच्या काकू नंतर भेटल्या. म्हणाल्या, "अगं, तू व्हायोलिन शिकतेस? कधी ऐकू नाही आलं." मला फार बरं वाटलं.

रविवारी सरांकडे मी त्यांचं साधं व्हायोलिन वाजवते. हे त्यांनीच सुरू केलं. इलेक्ट्रिकवर तयार झालेला हात लाकडी वाद्यावर किती पुरतो ते तपासायला. सुरुवातीला माझा गज त्यावर अडखळायचा, कारण ते वाद्य लगेच उत्तर देतं, थोडा दाब वाढला तरी आवाज उसळतो. आता दोन्हींमधला फरक हाताला ओळखीचा झाला आहे. पावसाळ्यात मात्र इलेक्ट्रिक मला जास्त आवडतं, हे सरांसमोरही मी बोलून दाखवते. जुलैत सरांच्या वाद्याच्या खुंट्या फुगून बसतात, फिरवायला जावं तर कचकन सरकतात आणि सूर दोन घरं पुढे. माझ्या वाद्याच्या खुंट्यांत गिअर आहेत, भरीव लाकूड हवेनं तेवढं हलतही नाही. गजाचे केस मात्र दोघांचेही ओल धरून सैल पडतात. घोड्याच्या शेपटीचे दीडेकशे केस, दमट हवेत लांबतात, आणि त्यावर लावलेली राळ चिकट होते. पावसाळ्यात वाजवून झालं की गज सैल करायचा, तारा आणि पट्टी सुक्या मऊ फडक्यानं पुसायची, आणि राळेची वडी डब्यात बंद. सगळ्यात बारीक पोलादी तार आमच्याकडे घामानं लवकर गंजते, म्हणून तिची एक जास्तीची जवळ ठेवावी.

ऐकणं हाही रियाजच आहे, असं सर पहिल्यापासून म्हणत आले. लोकलमध्ये मी तेच करते. व्हायोलिनवर गाणी वाजवणाऱ्या प्रभाकर जोगांचं वाजवणं ऐकताना गाण्याचे शब्द कानात उमटतात. ते नेमकं कशानं होतं, ते आता गज हातात धरल्यावर थोडं कळू लागलं आहे: शब्द जिथे तुटतो तिथे ते गज उलटवतात, आणि शब्दाच्या आत कितीही स्वर असले तरी गज एकच. डी. के. दातारांचा आलाप ऐकला की माझे स्वतःचे गज फार आखूड वाटायला लागतात. इलेक्ट्रिक वाजवणाऱ्यांत मी एल. शंकर ऐकते. १९८० च्या सुमारास त्यांनी दोन मानांचं, दहा तारांचं व्हायोलिन करून घेतलं, ज्याचा पल्ला डबल बासपासून व्हायोलिनपर्यंत जातो. लाकडी पोकळ देहात हे जमणं अवघड होतं. खालच्या सुरांना मोठी पोकळी लागते. पिकअपला ती लागत नाही. त्यांचं ऐकून मला पाच तारांच्या व्हायोलिनची ओढ लागली आहे. पाश्चात्त्य वादक पाचवी तार खालच्या सी-ला लावतात. ती एक स्वर चढवली तर आमच्या जुळणीत मंद्र सा मिळतो. यमनाचा, दरबारीचा खर्ज व्हायोलिनवर मांडी घालून वाजवता यावा, ही केवढी मोठी गोष्ट आहे. पैसे साठवते आहे.

सरांनी एकदा माझं वाद्य मागून घेतलं. हेडफोन त्यांना जमत नाहीत, कानाला गरम होतं म्हणाले, म्हणून छोटा स्पीकर लावला. त्यांनी आधी वायर काढली, नुसता सा लावला, तार पारखली. मग वायर जोडून दिली तेव्हा मारवा वाजवायला घेतला. कोमल रिषभ लावताना ते बोट किंचित मागे नेत होते, परत आणत होते, मला दाखवण्यासाठी नव्हे, स्वतःला पटेपर्यंत. माझ्या त्याच वाद्यातून, त्याच प्रीअँपमधून, मी ज्या बटणांना हातही लावला नव्हता त्याच बटणांवर, गळ्यातून यावा तसा आवाज आला. मी गजाकडे पाहत होते. टोकाकडे जाताना त्यांचं मनगट खाली येत होतं आणि कोपर मागून सावकाश येत होतं, म्हणून गज उलटताना सांधा ऐकूच येत नव्हता.

सध्या तेच चालू आहे. वायर न लावता, सा-च्या तारेवर, गज फक्त टोकाकडच्या चार बोटांत उलटवायचा, मनगट आधी आणि कोपर नंतर. खालच्या गजावर जमू लागलं आहे, वरच्यावर अजून बारीक खट् ऐकू येतो. तो गेला की 'झाला' हा जलद वाजवायचा भाग सुरू करू, असं सर म्हणाले आहेत.